सुटं टोक

थोरलीला सुटं टोक बघवत नसे.

पडदे शिवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला गाठबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण तिला त्या नावाचा अभिमानच होता. कुठे दोरा लोंबताना दिसला की गाठ मारायला, नाहीतर तो तोडायला तिचे हात शिवशिवायला लागायचे. तो स्वतःच्या शिवणीतला असो, दुसऱ्याच्या असो, नाहीतर बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या कॉलरचा असो. एकदा अशाच एका गृहस्थाच्या कोटाचा दोरा तिने न विचारता दातांनी तोडला. तो बिचारा दचकून रांग सोडून निघून गेला. "बरं झालं, आपला नंबर लवकर लागला," एवढंच ती म्हणाली.

खिडकीखालचं कापायचं टेबल तिचं होतं. लांबरुंद, मधोमध थोडं झिजलेलं, कडेला पितळी पट्टी ठोकलेलं. कारखान्यात टेबलं आणखीही होती, पण ऊन यायचं ते याच टेबलावर, आणि कापडाचा खरा रंग उन्हातच कळतो. तिथे उभं राहून राहून थोरलीची कंबर धरली, चष्म्याचा नंबर वाढला, पण जागा सोडायचं नाव तिने कधी काढलं नाही. मागच्या खोलीत बसून पडद्यांच्या कडा दुमडणाऱ्या बायकांची तिला मनापासून दया यायची. त्या खोलीला खिडकीच नव्हती.

अशा त्या टेबलावर मालकांनी एक दिवस कॉम्प्युटर आणून ठेवला.

मालकांनी आणला आणि धाकटीने बसवला, असं म्हणणं जास्त खरं. धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. एका घरात दोन भावांच्या दोन बायका, वयात चांगलंच अंतर. लग्न होऊन आली तेव्हा धाकटीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ते थोरलीने शिकवलं, आणि पुढे शब्द टाकून तिला कारखान्याच्या ऑफिसातही चिकटवलं. धाकटी शिवणात रमली नाही, पण संध्याकाळचा वर्ग लावून कॉम्प्युटर मात्र शिकली. आता गिऱ्हाइकांची मापं चिठ्ठ्यांवरून न फिरता तारांमधून फिरत होती. गोदामातल्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये ती साठवलेली, आणि ज्याने त्याने ती आपापल्या टेबलावर बघायची. धाकटी हुशार होती यात वादच नाही. फक्त पसारेवाली होती. घरात तिच्या चार्जरच्या वायरी कोपऱ्याकोपऱ्यात लोळत असायच्या, आणि थोरली त्यांच्या मागून गुंडाळ्या करत फिरायची. दोघींचं भांडण होई ते एवढ्याचसाठी.

मग ते फोनचं प्रकरण झालं. एका सकाळी थोरलीच्या टेबलावरचा कॉम्प्युटर काळाठिक्कर पडला, आणि नेमकी धाकटी रजेवर. थोरलीने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"मेला," ती म्हणाली.

"कोण?" तो घाबरला.

"तुमचा कॉम्प्युटर."

"अहो पण त्याला होतंय काय?"

"मेल्यावर काय व्हायचं असतं?"

दुरुस्तीवाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून हातातली कामं टाकून आला. त्याने मॉनिटरचं बटण दाबलं, थोरलीकडे एकदा नीट बघितलं आणि निघून गेला. मशीन आत व्यवस्थित चालू होतं. बंद होतं ते नुसतं त्याचं तोंड.

मालक तापट, आणि त्यातून कॉम्प्युटर विकणाऱ्याने दिलेलं माहितीपत्रक त्यांनी नुकतंच पाठ केलेलं. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं दुखतंय म्हणून भागतं का? कुठे दुखतंय ते सांगावं लागतं! मी स्वतः प्रत्येकाची तोंडी परीक्षा घेणार. ज्याला मशीनचे अवयव सांगता येतील, त्याचं टेबल त्याच्याकडे. ज्याला येणार नाहीत, त्याने मागच्या खोलीत जाऊन कडा दुमडायच्या. आणि दुसरा नियम. धाकट्या बाईंना विचारल्याशिवाय ज्याचा हात वायरीला लागेल, तोही मागच्या खोलीत!"

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. कात्रीच्या धारेला ती कधी घाबरली नव्हती, पण परीक्षेला मात्र शाळेपासून घाबरायची. त्या संध्याकाळी धुतलेल्या कपड्यांचा ढीग पुढे घेऊन ती धाकटीसमोर येऊन बसली. "शिकव," ती म्हणाली. "घड्या मी करते, तू बोल."

धाकटीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "आधी प्रोसेसर. सगळं काम करणारा तो. मोजतो, जुळवतो, हिशोब करतो. सांगितलं तेवढंच करतो, पण भराभर करतो."

"म्हणजे मी."

"तुम्हीच समजा. मग रॅम. ते तुमचं टेबल. आत्ता ज्यावर काम चाललंय ते सगळं त्यावर पसरलेलं असतं. टेबल मोठं असेल तर एका वेळी चार कापडं मांडता येतात. लहान असेल तर एक उचला, दुसरं पसरा, पुन्हा पहिलं आणा, यातच दिवस जातो. मशीन हळू चालतं ते बरेचदा त्यामुळे."

"आणि काम संपल्यावर?"

"वीज गेली की टेबल साफ. काही शिल्लक राहत नाही."

थोरलीने हातातला टॉवेल खाली ठेवला. "अर्धवट कापलेलं कापडसुद्धा?"

"सगळं."

"असल्या कारागिराला मी एक दिवस ठेवून घेतलं नसतं."

"म्हणून तर हार्ड डिस्क असते, जाऊबाई. ते कपाट. काम झालं की घडी करून कपाटात ठेवायचं, त्याला सेव्ह करणं म्हणतात. मग वीज गेली तरी कपाटातलं कपाटात राहतं. लोक दोन्हींना मेमरी म्हणतात आणि घोळ घालतात. टेबल वेगळं, कपाट वेगळं."

"टेबलाला कपाट म्हणणारे लोक!" थोरलीला खरंच राग आला. "पुढे?"

"मदरबोर्ड."

"यात आई कुठून आली?"

"बाकी सगळे तिच्या अंगावर बसलेले असतात. ती नसेल तर कोणाचं कोणाशी बोलणं होत नाही."

"मग नाव बरोबर ठेवलंय," थोरली म्हणाली आणि सगळ्यांत मोठ्या चादरीची घडी घालायला घेतली.

असे पुष्कळ धडे झाले. थोरलीला एक शब्द आला की ती तो घरभर वापरायची. "हार्ड डिस्कमधली जाड चादर काढा," असं तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ घराच्या मधोमध उभा राहिला. नेटवर्क मात्र तिला जड गेलं. कारखान्यात तिच्या टेबलाजवळच्या भिंतीवर सगळ्या वायरी जिथे येत, त्या लुकलुकणाऱ्या डबीशी तिचं जमेना.

"तो स्विच," धाकटी समजवायची. "पूर्वी आपल्याकडे चिठ्ठ्या पोचवणारा माणूस होता ना?"

"तो? तो निम्मा वेळ चहा पीत बसायचा."

"हा चहा पीत नाही. कुठल्या भोकाला कोण जोडलंय ते लक्षात ठेवतो आणि ज्याची चिठ्ठी त्यालाच देतो. प्रत्येक मशीनला आपला पत्ता असतो, टेबलाचा नंबर म्हणा. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. पण कधीकधी सगळ्यांसाठी हाक असते. 'गोदामाचं मशीन कोणतं हो?' अशी. मग स्विच ती हाक, जिथून आली ते भोक सोडून, बाकी सगळ्या भोकांतून पाठवतो."

"दवंडी."

"अगदी दवंडी. आणि कारखान्याबाहेरच्या जगाशी बोलायचं असेल तर राऊटर. तो फाटकावरचा माणूस. बाहेर जाणारं, आत येणारं, सगळं त्याच्या हातून."

"आणि ती वायर?" थोरलीने अखेर विचारलंच. पॅकिंगच्या खोलीसाठी नवं मशीन यायचं होतं. त्याच्यासाठी धाकटीने स्विचला एक वायर आधीच लावून ठेवली होती, आणि तिचं दुसरं टोक थोरलीच्या टेबलावर, बरोबर नाकासमोर लोंबत होतं. वारा आला की हलायचं.

"ते राहू द्या तसंच. मशीन आलं की लावते."

"कधी येणार?"

"येईल हो."

थोरलीने सोसलं. मोठ्या मनाने सोसलं. दिवसभर ते टोक डोळ्यांसमोर डुलायचं आणि ती कापडाकडे बघत राहायची. पण जित्याची खोड, ती कुठे जाणार?

परीक्षेच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात आली. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क असं पुटपुटत तिने टेबल पुसलं, कात्री पुसली, पुन्हा टेबल पुसलं. घाबरली की तिचे हात आवराआवर करायला लागत, आणि त्या दिवशी ती फारच घाबरली होती. टेबलावर आवरण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा नजर भिंतीकडे गेली. स्विचमधून निघालेल्या सगळ्या वायरी एकाच राखाडी रंगाच्या, वाटेल तशा लोंबलेल्या. तिने त्या एकत्र घेऊन सुरेख पेड घातले आणि पडद्याच्या उरलेल्या कापडाची पट्टी घेऊन वेणी बांधून टाकली. वेणीतून एकच टोक बाहेर आलं होतं. तेच ते.

स्विचला एक भोक रिकामं होतं. टोकाच्या मापाचं. थोरलीने टोक तिथे नेलं आणि टक्! टिच-बटण लागावं तसं ते आत बसलं. डोळ्यांना काय गारवा वाटला म्हणून सांगू! धाकटीने 'राहू द्या' म्हटलं होतं हे तिला आठवलं, नाही असं नाही. मालकांचा नियमही आठवला. पण तो नियम हात लावणाऱ्यांसाठी होता. ही तर नुसती आवराआवर होती.

डबीवरचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले. 'यालाही परीक्षेची भीती वाटतेय,' असं मनाशी म्हणून थोरली हात धुवायला गेली.

ती परत येईपर्यंत कारखाना ठप्प झाला होता. कोणाच्याच मशीनवर माप येईना. गोदामाचं मशीन कुणाला सापडेना. कापणारे कात्र्या घेऊन उभे, शिवणारे त्यांच्या तोंडाकडे बघतायत, आणि इस्त्रीवाल्या मामांची इस्त्री उगाच तापतेय. धाकटी घामाघूम होऊन या मशीनवरून त्या मशीनकडे धावत होती. तिने स्विच बंद करून चालू केला. क्षणभर सगळं आलं, लोकांनी "आलं, आलं" म्हटलं, आणि पुन्हा गेलं. तिने वायरींकडेही बघितलं. "वेणी छान घातलीय कुणीतरी," ती धापा टाकत म्हणाली आणि टेबलाखाली शिरली.

"कोणी हात लावला होता का कशाला?" मालक गरजले.

सगळ्यांनी माना हलवल्या. थोरलीनेही हलवली. आत कुठेतरी बारीकशी सुई टोचल्यासारखं झालं, पण वेणी बांधणं म्हणजे हात लावणं नव्हे, असं तिने स्वतःला सांगितलं.

"मग हे बसवणाऱ्याचंच काम!" मालक टेबलाखाली वाकून धाकटीच्या चपलांना उद्देशून बोलले. "आज दुपारपर्यंत सुरू झालं नाही, तर सगळं सामान परत पाठवतो. आणि तुमचंही काय करायचं ते बघतो!"

"माझीच काहीतरी चूक असणार," टेबलाखालून धाकटीचा आवाज आला. त्या आवाजात पाणी होतं. लग्न झाल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत भात करपला की ती असंच म्हणायची.

"तोवर परीक्षा उरकू," मालक म्हणाले. "तिला कुठे नेटवर्क लागतंय! आधी गाठबाई."

सगळ्यांसमोर, टेबलाच्या पितळी पट्टीला धरून थोरली उभी राहिली. आणि खरं सांगायचं तर तिने मैदान मारलं. प्रोसेसर म्हणजे कापणारे हात, रॅम म्हणजे टेबल, हार्ड डिस्क म्हणजे कपाट, मॉनिटर म्हणजे नुसतं तोंड, आणि तोंड काळं पडलं म्हणून माणूस मेला असं होत नाही. इथे लोक हसले आणि मालकही हसले. राऊटर फाटकावरचा, आयपी ॲड्रेस टेबलाचा नंबर. माहितीपत्रकात यातलं एक वाक्यही नव्हतं, त्यामुळे मालक थोडे गोंधळले, पण उत्तर बरोबर आहे हे त्यांनाही कळत होतं.

"झालंच तुमचं," ते म्हणाले. "शेवटचा प्रश्न. स्विच काय करतो?"

"चिठ्ठ्या पोचवतो. ज्याची त्याला." थोरलीने आता ऐटीत भिंतीकडे बोट केलं. "आणि सगळ्यांसाठी हाक आली, तर ती ज्या भोकातून आली ते सोडून बाकी सगळ्या भोकांतून बाहेर पाठवतो. मग ती हाक वायरीतून जाते, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला…"

ती थांबली. बोट तसंच हवेत राहिलं.

वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी असायला हवं होतं. एखादं मशीन, एखादं टेबल. पण एका वायरीचं दुसरं टोक तिने सकाळी त्याच डबीत खोचलं होतं. म्हणजे स्विचने बाहेर पाठवलेली हाक फिरून त्याच्याच कानात जाणार. ती नवीन समजून तो पुन्हा सगळ्यांना ओरडून सांगणार. ती पुन्हा परत येणार. सकाळपासून तो बिचारा स्वतःच्याच दवंडीला उत्तर देत बसला होता, आणि त्या गोंगाटात कोणाची चिठ्ठी कोणाला मिळणार?

दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते.

कोणालाच कळलेलं नव्हतं. उत्तर पुरं करायचं, पास व्हायचं, आणि जेवायच्या सुट्टीत सगळे उठले की हळूच ते टोक ओढून काढायचं. एवढं सोपं होतं. टेबल तिचं, ऊन तिचं. धाकटीला दोन शब्द जास्त ऐकावे लागले असते, ते काय, घरी जाऊन थोरलीने तिची समजूत काढली असती. हा सगळा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली. टेबलाखालून धाकटीच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता.

"ये बाहेर," थोरली खाली वाकून म्हणाली. "तुझी चूक नाहीये."

"मग?"

"माझी आहे."

तिने हात वर करून वेणी सोडली, ते टोक शोधलं आणि ओढलं. डबीवरचे दिवे एकदम शांत झाले. गोदामातून कोणीतरी ओरडलं, "आलं!" मग पॅकिंगमधून, मग ऑफिसातून. टेबलावरच्या मशीनवर सकाळपासून अडकलेली मापं भराभर उमटली.

"मीच खोचलं होतं," थोरलीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "लोंबत होतं, बघवेना. दोन्ही टोकं एकाच डबीत गेली. ती सकाळपासून स्वतःशीच भांडतेय."

धाकटी गुडघे झटकत उभी राहिली. तिने वायरीकडे बघितलं, डबीकडे बघितलं, मग जावेकडे बघितलं. "लूप!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "जाऊबाई, तुम्ही लूप केलात! आणि मी त्या वेणीचं कौतुक करत बसले!"

मालकांचा चेहरा लाल झाला, मग पडला. ते चांगलेच पेचात सापडले होते. "पहिल्या नियमाने टेबल तुमचं," ते म्हणाले. "दुसऱ्या नियमाने मागची खोली. हात दाखवून अवलक्षण करायची काय गरज होती हो?"

"मालक," इस्त्रीवाले मामा इस्त्री आपटत म्हणाले, "कुठे दुखतंय ते सांगा म्हणाला होतात. त्यांनी सांगितलं. आता आमच्या पडद्यांचं बघता का?"

मालक केबिनमध्ये जाऊन आले. शब्द मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि एवढी चांगली कापणारी बिनखिडकीच्या खोलीत घालवणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी निकाल दिला. "टेबल राहील. पण शिक्षा होणार. नवं मशीन येईपर्यंत ती वायर तिथेच लोंबेल. तुमच्या नाकासमोर. बांधायची नाही, खोचायची नाही, झाकायची नाही."

थोरलीने त्या डुलणाऱ्या टोकाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "मालक," तिने अगदी गंभीरपणे विचारलं, "मागच्या खोलीत हवा खेळती असते का हो?"

कारखाना हसून हसून लोटपोट झाला. थोरली हसली नाही. ती गंमत करत नव्हती.

नवं मशीन यायला फार दिवस लागले. आज येतं, उद्या येतं, असं चाललं. ते टोक वाऱ्यावर डुलत राहिलं आणि थोरली त्याच्याकडे पाठ करून कापायला शिकली. फार झालं की दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघायची. घरी धाकटी मात्र आपल्या वायरी गुंडाळून ठेवायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी एकदाचं पॅकिंगचं मशीन आलं. धाकटीने ते खोक्यातून काढलं, टेबलावर मांडलं, वीज जोडली. मग स्टुलावर चढून ते लोंबणारं टोक खाली घेतलं, पॅकिंगच्या खोलीपर्यंत ओढत नेलं, आणि तिथे पोचल्यावर मागे वळून हाक मारली, "जाऊबाई! या इकडे. हे तुम्हीच लावा."

थोरली कात्री ठेवून आली. तिने ते टोक हातात घेतलं. मशीनच्या पाठीला नाना आकाराची भोकं होती, त्यातलं एक बरोबर त्याच मापाचं. हात शिवशिवत होते. बोटं अर्ध्या वाटेपर्यंत गेलीसुद्धा.

मग जन्मात पहिल्यांदा थोरली सुटं टोक हातात धरून थांबली आणि धाकटीकडे बघून म्हणाली, "कुठे लावू गं?"